कोड न लिहिता वेब ॲपचं रूप बदलायचं असेल, तर कोणतं व्हिज्युअल टूल घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफिसच्या रोजच्या कामाचं एक वेब ॲप आहे. आतलं काम नीट चालतं, पण पडदे ओबडधोबड आहेत. डेव्हलपरना वेळ नाही, विचारणाऱ्याला सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) येत नाही. मग वेबफ्लो, फिग्मा किंवा तसं एखादं टूल घेऊन नुसत्या माउसने रूप सुधारता येईल का, आणि येत असेल तर कोणतं घ्यावं?

येतं. पण टूल निवडण्याआधी एका गोष्टीचा छडा लावा: तुम्ही केलेला बदल शेवटी जाऊन बसणार कुठे? ज्या टूलमधला बदल थेट चालू ॲपमध्ये उतरतो ते टूल वेगळं, आणि ज्यातून फक्त चित्र तयार होतं ते वेगळं. तुमचं ॲप कशावर उभं आहे यावरून हे ठरतं, टूलच्या जाहिरातीवरून नाही. निम्म्याहून जास्त निराशा इथेच जन्माला येते, म्हणून आधी हेच.

वेबफ्लो तुमचं चालू ॲप उघडून त्याला रंगरंगोटी करत नाही. ते स्वतःची पानं स्वतः बांधतं. तिथे कितीही सुरेख डॅशबोर्ड मांडलात तरी तो तुमच्या डेटाबेसशी आपोआप जोडला जात नाही. डेव्हलिंक नावाची सोय आहे, तिच्यातून वेबफ्लोत बांधलेले घटक रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीवरच्या प्रकल्पात नेता येतात. पण ते नेऊन बसवायला डेव्हलपर लागतोच. फिग्मामध्ये तर जे तयार होतं ते मुळात आराखडा आहे. तिथे बटणाचा रंग बदलला म्हणून ॲपमधलं बटण बदलत नाही. डेव्हलपर तो आराखडा बघतो आणि हाताने उतरवतो. हे वाईट नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर ते नाही, कारण तुमची अडचणच डेव्हलपरच्या वेळेची आहे.

तेव्हा डेव्हलपरला एवढंच विचारा: ॲप बबल, वीवेब, रिटूल, फ्लटरफ्लो अशा, कमीत कमी कोडमध्ये ॲप बांधून देणाऱ्या एखाद्या प्लॅटफॉर्मवर बांधलंय की हाताने लिहिलंय? हाताने लिहिलं असेल तर बटणं, रकाने अशा तयार घटकांची कोणती लायब्ररी वापरली आहे: बूटस्ट्रॅप, मटेरियल, अँट डिझाइन, शॅडसीएन, की घरचंच सीएसएस? आणि रंग, फॉन्ट, अंतरं एका जागी व्हेरिएबलमध्ये ठेवली आहेत की प्रत्येक पानात विखुरलेली? याची उत्तरं द्यायला त्याला फार वेळ लागणार नाही, आणि तुमचा निर्णय जवळजवळ त्यातूनच होईल.

आता टूलबद्दल, पण आधी त्यांच्या आतलं थोडं. माउसने वेबपान बनवण्याची हौस जुनी आहे. फ्रंटपेज १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे आलं, मॅक्रोमीडियाचं ड्रीमवीव्हर १९९७ मध्ये बाजारात आलं. त्या काळी ब्राउझरकडेच मांडणीची धड सोय नव्हती, त्यामुळे ही टूलं आत टेबलांवर टेबलं रचून ठेवायची, आणि पडद्यावर जे दिसे त्याचा आतल्या रचनेशी ताळमेळ नसे. पुढे वस्तू एका ओळीत लावणारा फ्लेक्सबॉक्स आला, आणि २०१७ च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी यांच्यात आडव्या-उभ्या चौकटींत मांडणारं ग्रिड जवळपास एकदमच आलं. तेव्हापासून ब्राउझरची स्वतःची भाषाच मांडणीला पुरेशी झाली. आजच्या चांगल्या व्हिज्युअल टूलचा पॅनेल म्हणजे त्याच भाषेला लावलेली बटणं आहेत. वेबफ्लोच्या उजव्या बाजूला जे पॅडिंग, मार्जिन, फ्लेक्स, गॅप दिसतं ते सीएसएसमधलं जसंच्या तसं आहे. फिग्माचं ऑटो लेआउट बरंचसं फ्लेक्सबॉक्ससारखं वागतं. पेनपॉट हे मुक्त स्रोतातलं टूल तर फ्लेक्स आणि ग्रिड खऱ्या सीएसएसच्या नियमांनीच चालवतं.

याचा अर्थ असा की कोड टाइप करणं टळतं, पण बॉक्स कसा वागतो हे समजून घेणं टळत नाही. सुदैवाने ते फार नाही: पॅडिंग म्हणजे बॉक्सच्या आतली मोकळी जागा, मार्जिन म्हणजे बाहेरची, फ्लेक्स म्हणजे आतल्या बॉक्सना (मुलांना) ओळीत लावायचा बाहेरच्या बॉक्सने (पालकाने) घातलेला नियम, गॅप म्हणजे त्या मुलांमधलं अंतर, क्लास म्हणजे एकच रूप अनेकांना देण्याची खूण, व्हेरिएबल म्हणजे एका जागी ठेवलेली किंमत, आणि ब्रेकपॉइंट म्हणजे अमुक रुंदीच्या खाली मांडणी बदला अशी सूचना. हे शब्द एकदा हाताखालून गेले की कोणतंही टूल एका बैठकीत ओळखीचं होतं. ते न समजता टूल बदलत राहिलात तर प्रत्येक टूल अर्ध्यावर अडेल.

एक उदाहरण जवळून बघू. यादीतली एक ओळ घ्या: डावीकडे ग्राहकाचं नाव, मधे स्थितीची छोटी पट्टी, उजवीकडे ‘उघडा’ असं बटण. नवखा माणूस ही तिन्ही ओढून जिथे हवी तिथे ठेवतो. नमुन्यातलं नाव छोटं असतं, त्यामुळे झकास दिसतं. मग खरा डेटा येतो, कुणाचं तरी नाव लांबलचक निघतं आणि ते पट्टीच्या अंगावर चढतं. कारण ओढून ठेवलेल्या वस्तूला शेजाऱ्याची जाणीवच नसते. योग्य रीत अशी: तिघांना एका पालक बॉक्समध्ये घाला, पालकाला फ्लेक्स द्या, दिशा आडवी, उभं संरेखन मधोमध, गॅप १२. नावाच्या बॉक्सला ‘उरलेली जागा घे’ असं सांगा, म्हणजे पट्टी आणि बटण आपोआप उजवीकडे सरकतील. आणि इथे एक खाच आहे, जिच्यापाशी बहुतेक जण थबकतात: नाव लांब असलं की तीन टिंबं येऊन तुटावं असं सांगूनही ते तुटत नाही, उलट बटणाला पडद्याबाहेर ढकलतं. फ्लेक्सच्या आतला बॉक्स स्वभावतः आपल्या आतल्या मजकुरापेक्षा लहान व्हायला तयार नसतो. त्याची किमान रुंदी शून्य करा. वेबफ्लोच्या साइझ पॅनेलमध्ये ‘मिन डब्ल्यू’ म्हणून रकाना आहे, तिथे ० लिहिलं की नाव लगेच आवरतं. ही एक गोष्ट माहीत असली की किती तरी पडदे वाचतात.

आता तुमच्या नेमक्या परिस्थितीकडे. ॲप हाताने लिहिलेलं असेल असं मी धरून चालतो, कारण प्रश्नात डेव्हलपरचा उल्लेख आहे. अशा वेळी तुमचं पहिलं व्हिज्युअल टूल विकत घ्यायचं नाहीच, ते तुमच्या ब्राउझरमध्ये आहे. क्रोममध्ये ॲप उघडा, एखाद्या बटणावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडा. डेव्हटूल्स उघडतात. खिडकी बघून घाबरायचं कारण नाही. तिथे तुम्ही काहीही केलं तरी ते फक्त तुमच्या पडद्यावर होतं, पान रिफ्रेश केलं की जातं.

स्टाइल्सच्या भागात रंगाच्या नावाशेजारी छोटा चौकोन दिसतो. त्यावर क्लिक केलं की रंगपेटी उघडते. अक्षराचा रंग असेल तर तिथेच पार्श्वभूमीशी असलेलं कॉन्ट्रास्टचं प्रमाण लिहिलेलं असतं आणि ते पुरेसं आहे की नाही याची खूणही असते. साध्या मजकुराला किमान ४.५:१ हवं, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतं. हे डब्ल्यूसीएजी या प्रवेशसुलभतेच्या निकषांचे आकडे आहेत. पांढऱ्यावर फिका राखाडी हा डिझाइनरांचा लाडका प्रकार इथे उघडा पडतो. हेक्स या रंगाच्या सांकेतिक लिखाणात #777777 असा लिहिला जाणारा राखाडी पांढऱ्यावर ४.४८:१ भरतो, म्हणजे अगदी थोडक्यात नापास. एक छटा गडद केली की पास. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण उन्हात फोन धरून वाचणाऱ्याला किंवा दृष्टी कमी झालेल्या माणसाला जाणवतो.

जिथे डिस्प्लेला फ्लेक्स लिहिलेलं असेल तिथे शेजारी एक छोटं चिन्ह येतं. त्यावर क्लिक केलं की दिशा आणि संरेखनाची बटणं मिळतात, टाइप काहीच करावं लागत नाही. आकड्यावर क्लिक करून वरच्या-खालच्या बाणाच्या कळा दाबल्या की पॅडिंग एकेका पिक्सेलने वाढतं-घटतं आणि परिणाम तिथल्या तिथे दिसतो. फायरफॉक्समध्ये ग्रिड आणि फ्लेक्स तपासण्याची सोय आणखी छान आहे, रेषा आणि उरलेली जागा पानावरच रेखून दाखवते.

मग क्रोमच्या डेव्हटूल्समधला ‘मोअर टूल्स’ मेनू उघडून त्यातलं ‘चेंजेस’ पाहा. तुम्ही केलेले सगळे बदल तिथे आधीचं आणि नंतरचं अशा रूपात दिसतात, आणि ते कॉपी करता येतात. हा मजकूर डेव्हलपरला पाठवा. “बटण जरा बरं दिसायला हवं” असा निरोप आणि “या क्लासचं पॅडिंग ६ वरून १० करायचं, रंग हा” असा निरोप यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यावर चर्चा होते, दुसरा लगेच उतरवला जातो. रिफ्रेशनंतरही बदल टिकवून कुणाला दाखवायचे असतील तर ‘ओव्हरराइड्स’ वापरा. सोर्सेस भागात एक फोल्डर निवडून दिलं की तुमच्या यंत्रापुरत्या सीएसएस फाइलींतल्या सुधारणा टिकतात. एचटीएमएलच्या झाडात केलेले फेरफार मात्र त्याने टिकत नाहीत.

त्याच मेनूत ‘सीएसएस ओव्हरव्ह्यू’ आहे. फारसं कुणी उघडत नाही, पण ओबडधोबडपणाचं मूळ शोधायला याच्याइतकं कामाचं दुसरं काही मला माहीत नाही. बटण दाबलं की पानावरचे सगळे रंग, सगळे फॉन्ट, त्यांचे सगळे आकार आणि जिथे कॉन्ट्रास्ट कमी पडतं त्या जागा एकत्र समोर येतात. बऱ्याच वर्षांच्या ॲपमध्ये इथे डझनभर राखाडी, जेमतेम फरकाचे निळे, आणि १३, १४, १४.५, १५ असे अक्षरांचे आकार निघतात. पान कुरूप दिसतं याचं कारण बहुधा हेच असतं. एखादा रंग वाईट असतो असं नाही. जवळजवळ सारख्या, पण सारख्या नसलेल्या गोष्टींची गर्दी झालेली असते. डोळ्याला ती पसाऱ्यासारखी लागते आणि कारण सांगता येत नाही.

म्हणून पडदे एकेक करून सजवू नका. आधी किमतींची यादी करा. अंतरांसाठी ४, ८, १२, १६, २४, ३२, ४८ एवढीच. अक्षरांचे आकार चार-पाच. राखाडीच्या पाच-सहा छटा, मुख्य रंग एक, आणि यश, इशारा, चूक यांना एकेक. कोपऱ्यांची गोलाई एक किंवा दोन. यालाच डिझाइन टोकन म्हणतात. ही यादी एका पानावर मावते आणि ॲपचं रूप पालटण्याचं सत्तर-ऐंशी टक्के काम तिच्यात होतं असं मी बेधडक म्हणेन. तुमच्याकडे असलेला वेळ इथे घाला.

ही यादी ॲपमध्ये उतरवायला लायब्ररीनुसार वेगवेगळी व्हिज्युअल टूलं आहेत, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. अँट डिझाइनच्या पाचव्या आवृत्तीपासून त्यांच्या संकेतस्थळावरच थीम एडिटर आहे: रंग सरकवा, गोलाई वाढवा, समोर सगळे घटक बदलताना दिसतात, आणि शेवटी एक छोटी फाइल मिळते. मटेरियल असेल तर गुगलचा मटेरियल थीम बिल्डर आहे. एक मूळ रंग दिला की तो त्यातून सगळ्या भूमिकांचे रंग काढून देतो, आणि कोणत्या रंगावर कोणत्या रंगाचं अक्षर ठेवायचं तेही ठरवून देतो. शॅडसीएनसाठी ट्वीकसीएन नावाचं थीम एडिटर आहे, डेझीयूआयचं स्वतःचं थीम जनरेटर आहे. यांतून निघणारी फाइल डेव्हलपरने एकदा प्रकल्पात ठेवली की झालं. पुढे ती फाइल बदलणं हे तुमचं काम होऊ शकतं.

बूटस्ट्रॅपबद्दल एक सावधगिरी. पाचव्या आवृत्तीत त्याचे रंग ब्राउझरच्या व्हेरिएबलमध्येही दिलेले असतात, म्हणून वाटतं की मुख्य रंगाचं व्हेरिएबल बदललं की काम झालं. पण मुख्य बटण निळंच राहतं. कारण बटणाचा रंग सीएसएस तयार होतानाच पक्का होऊन त्याच्या स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये बसलेला असतो. तो मुळातून बदलायचा तर सासमधली (ज्या भाषेतून सीएसएस तयार होतं तिच्यातली) किंमत बदलून सीएसएस पुन्हा बनवावं लागतं. डेव्हलपरसाठी हे किरकोळ काम आहे, पण हे माहीत नसलं तर माणूस तासन्‌तास डोकं खाजवत बसतो.

लायब्ररी नसेल, घरचंच सीएसएस असेल, तर डेव्हलपरकडून एकच काम मागा: रंग, आकार आणि अंतरं व्हेरिएबलमध्ये काढून एका फाइलमध्ये ठेवायची. हे एकदाचं काम आहे. ते झाल्यावर ती फाइल म्हणजे नावं आणि किमतींची यादी उरते आणि ती कुणालाही वाचता येते.

यापेक्षा सोपा म्हणून एक रस्ता हमखास सुचवला जातो: ॲपवर वरून एक वेगळी सीएसएस फाइल टाकायची किंवा एखाद्या एक्स्टेन्शनने क्लिक करून नियम बनवायचे. मी हा रस्ता धरू नका असंच सांगेन. हल्लीच्या अनेक ॲपमध्ये क्लासची नावं बिल्डच्या वेळी आपोआप बनतात, शेवटी काही निरर्थक अक्षरं जोडलेली असतात. तुमचा नियम त्या नावावर टांगलेला असतो. डेव्हलपरने त्या घटकात काही बदललं की नाव बदलतं आणि तुमची सजावट गुपचूप गळून पडते, कुठेही चूक दाखवली जात नाही. त्यावर उपाय म्हणून लोक ‘इम्पॉर्टंट’ची (हा नियम बाकीच्यांच्या वर, अशा खुणेची) फोडणी घालत जातात, आणि मग खुद्द डेव्हलपरलाही साधा रंग बदलता येईनासा होतो. शॅडो डॉममध्ये, म्हणजे पानाच्या सीएसएसपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, बंद असलेल्या घटकांपर्यंत तर असले नियम पोचतच नाहीत. तिथे व्हेरिएबलच्या किमती आणि अक्षराचा रंग, फॉन्ट असे वारशाने येणारे गुण एवढंच आत झिरपतं. म्हणजे पुन्हा टोकनच.

ॲप प्लॅटफॉर्मवर बांधलेलं असेल तर गोष्ट पुष्कळ सोपी आहे, कारण तिथे टूल आणि ॲप एकच. बबलमध्ये स्टाइल्सच्या पानावर रंग आणि फॉन्टची व्हेरिएबलं असतात, तिथून सुरुवात करा. घटकाला जोडलेली स्टाइल काढून तिथल्या तिथे रंग भरायची सवय टाळा, नाहीतर पुढच्या वेळी प्रत्येक बटण वेगळं शोधावं लागेल. मांडणीत ‘फिक्स्ड’ सोडून ‘रो’ आणि ‘कॉलम’ वापरा. ते आतून फ्लेक्सबॉक्सच आहेत. रिटूल अंतर्गत वापराच्या ॲपसाठी चांगलं आहे, पण तिथे रूपाला मर्यादा आहेत, आणि अंतर्गत ॲपला त्या बहुतेक वेळा पुरतात. फ्लटरफ्लोने बनवलेलं वेब ॲप पडदा कॅनव्हासवर रंगवतं, त्यामुळे वर सांगितलेली डेव्हटूल्सची युक्ती तिथे चालत नाही. एलिमेंट्समध्ये बटण सापडणारच नाही. रूप बदलायचं ते त्यांच्याच थीमच्या सेटिंगमधून. आणि बाहेर पडण्याची वाट आधीच बघून ठेवा: फ्लटरफ्लो आणि वीवेब कोड बाहेर काढू देतात, बबल देत नाही. वेबफ्लोतून पानांचा कोड काढता येतो, पण त्यांच्या सीएमएसवर (मजकूर साठवायच्या सोयीवर) आणि फॉर्मवर चालणाऱ्या गोष्टी बाहेर काम करत नाहीत.

वेबफ्लोची शिफारस मी एका कामासाठी मनापासून करतो: ॲपच्या बाहेरची पानं. ओळखीचं पान, मदतीची पानं, नोंदणीच्या आधीचं सगळं. तिथे ते उत्तम आहे, आणि शिकण्याचं साधन म्हणून तर फारच चांगलं. पॅनेलमध्ये एखाद्या गुणाचं नाव निळं दिसलं तर ती किंमत याच क्लासवर लिहिलेली आहे, केशरी दिसलं तर ती दुसरीकडून आलेली आहे. सीएसएसमधली सर्वांत अवघड गोष्ट, म्हणजे ‘हा रंग येतोय कुठून?’, ती दोन रंगांत उलगडून दाखवली आहे. क्लासला नाव मात्र स्वतः द्या. नाही दिलं तर ते ‘डिव्ह ब्लॉक ४७’ अशी नावं देत सुटतं आणि काही महिन्यांनी त्या नावांच्या जंगलात कुणालाच काही सापडत नाही. ब्रेकपॉइंटमध्ये डेस्कटॉपवर केलेला बदल खाली टॅब्लेट आणि मोबाइलवर उतरतो, मोबाइलवर केलेला वर चढत नाही. म्हणून आधी मोठा पडदा पक्का करा, मग खाली या.

फिग्मा किंवा पेनपॉट कधी घ्यावं? पडद्याची रचनाच बदलायची असेल तेव्हा. यादीच्या जागी कार्ड हवीत, तीन पायऱ्यांचा फॉर्म एका पानावर आणायचा आहे, असलं काही. तेव्हा चार पर्याय मांडून लोकांना दाखवायला याच्यासारखं दुसरं नाही. फक्त आपली टोकनं तिथे व्हेरिएबल म्हणून आधी भरा, म्हणजे आराखड्यात ॲपमध्ये नसलेला रंग शिरणार नाही. आणि नमुन्यात खरा डेटा घाला. सर्वांत लांब नाव, शून्य रक्कम, आठ आकडी रक्कम, रिकामा पत्ता.

वेबसाइट आणि ॲप यांतला फरक नेमका इथे येतो, आणि व्हिज्युअल टूलं त्यावर पांघरूण घालतात. टूलमध्ये पडद्याची एकच अवस्था दिसते: सगळं भरलेलं, सगळं सुरळीत. ॲपमध्ये मात्र तीच जागा कधी रिकामी असते, कधी लोड होत असते, कधी चूक दाखवते, कधी परवानगी नाही म्हणते. बटणाचं साधं रूप, त्यावर माउस नेल्यावरचं, कीबोर्डने तिथे आल्यावरचं, दाबल्यावरचं, बंद असतानाचं, काम चालू असतानाचं, अशी सगळी रूपं लागतात. यांतली कीबोर्डची कड तर लोक ‘घाण दिसते’ म्हणून काढून टाकतात. दिवसभर फॉर्म भरणारी माणसं टॅबच्या कळीवर जगतात. कड काढली की आपण कोणत्या रकान्यात आहोत हेच त्यांना कळत नाही. आवडत नसेल तर तिचा रंग बदला, जाडी बदला, पण ठेवा. तुमच्या डेव्हलपरकडे स्टोरीबुक असेल तर त्याची लिंक मागून घ्या. प्रत्येक घटक प्रत्येक अवस्थेत तिथे वेगवेगळा मांडून ठेवलेला असतो, आणि थीम बदलल्यावर काय बिघडलं ते एका जागी दिसतं.

ॲप देवनागरीत असेल तर टूलमधल्या तयार टेक्स्ट स्टाइल जशाच्या तशा घेऊ नका, त्या रोमन लिपी समोर ठेवून केलेल्या असतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, म्हणून ते शून्यच ठेवा. ओळीची उंची १.२ ठेवली तर वरची वेलांटी-रफार आणि खालचे उकार छाटले जाऊ शकतात, विशेषतः बटणात आणि टेबलच्या ओळीत, १.५ ते १.७ च्या दरम्यान ठेवा. इंटरसारख्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच, त्यामुळे ब्राउझर ज्या त्या यंत्रावरचा फॉन्ट घेतो आणि तुमच्या पडद्यावरचं रूप दुसऱ्याला दिसतच नाही. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी असा फॉन्ट नावाने द्या. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात. पानाची भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल तरच ते दिसतात.

एआयच्या टूलांबद्दल कुणी तरी विचारणारच. व्हीझीरो, लव्हेबल, बोल्ट ही सांगितल्यावर पडदा बनवून देतात आणि नव्या कल्पनेचा कच्चा नमुना करायला झकास आहेत. पण प्रत्येक वेळी ती थोडा वेगळा राखाडी, थोडं वेगळं अंतर निवडतात. म्हणजे ज्या गर्दीतून तुम्ही सुटू पाहताय तीच पुन्हा येते. तुमची टोकनांची यादी आधी त्यांच्या हातात द्या आणि ‘याबाहेरची किंमत वापरू नकोस’ असं स्पष्ट लिहा. मग त्यांच्याकडून येणारं काम खूप जास्त वापरण्याजोगं असतं.

मग तुम्ही नेमकं काय करावं? लायब्ररी कोणती ते विचारा. सर्वांत जास्त वापरले जाणारे दोन पडदे निवडा आणि त्यांच्यावर सीएसएस ओव्हरव्ह्यू चालवा. यादी छाटा. त्या लायब्ररीच्या थीम एडिटरमध्ये ती बसवा, किंवा डेव्हलपरकडून व्हेरिएबलची फाइल करून घ्या. त्यातून जे सुटेल ते डेव्हटूल्समध्ये करून बघा आणि चेंजेसमधून पाठवा. एवढं झाल्यावर मगच, गरज उरली तर, फिग्मा किंवा पेनपॉट उघडा. पैसे देऊन काही घ्यायची वेळ यात शेवटीच येते, आणि अनेकदा येतच नाही.

बदल सगळ्यांना देण्याआधी चार गोष्टी हाताने करून बघा. ब्राउझर २०० टक्क्यांवर झूम करून मुख्य काम पूर्ण होतं का. खिडकी ३२० पिक्सेलपर्यंत अरुंद करून आडवं सरकवावं लागतं का. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅब आणि एंटरने एक फॉर्म भरता येतो का. आणि आयफोनवर एखाद्या रकान्यात बोट ठेवल्यावर पान अचानक मोठं होतं का. होत असेल तर त्या रकान्यातल्या अक्षराचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी आहे, आणि तो टोकनांच्या यादीत एका जागी वाढवला की सगळ्या फॉर्ममधून ती अडचण जाते.